मी खाली बघत होतो

चौकशीच्या कागदावर माझ्या नावापुढे एकच वाक्य आहे:
'सहायकाने काही पाहिले नाही.'
खरं आहे.
मी तुंब्यात गरम पाणी ओतत होतो,
येर्बाचा पाला वर येऊ नये म्हणून कडेकडेनं.
एवारिस्तोला तसंच लागतं.

त्रेचाळीस वाघिणी सोयाबीन, रोसारिओच्या बंदराकडे.
दुपारचे तीन वाजून दहा.
पाम्पाची ती सपाटी, जिथे ढगाची सावलीसुद्धा
यायच्या आधी अर्धा तास दिसत राहते.
इतक्या उघड्यावर
एक अख्खी आगगाडी दडते कुठे?

भोंगा वाजला. दोनदा. मग थांबलाच नाही.
मी मान वर करेपर्यंत काचेवर ऊन होतं, नुसतं ऊन,
आणि एवारिस्तोचा हात ब्रेकवर,
पार शेवटापर्यंत ओढलेला.
त्या हाताला आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं.
पुढचे नऊशे मीटर आम्ही दोघं
बसून होतो.
हे घरी कसं सांगायचं,
की ब्रेक लावल्यावर बसून राहावं लागतं?
पाणी माझ्या मांडीवर सांडत होतं.
भाजलंय, हे रात्री कळलं.

नियमाप्रमाणे सहायकानं मागे चालत जायचं.
खडीवरून धड चालता येत नाही,
धावता तर नाहीच.
वाघिणींच्या फटींतून दाणे गळले होते रुळाच्या कडेनं
आणि पारवे आले होते टिपायला,
अँब्युलन्सच्या आधी, पोलिसांच्या आधी,
माझ्याही आधी.

पिकअप पांढरी होती.
याहून जास्त मी सांगणार नाही.

सान्ता एदुविहेसच्या त्या वळणावर फाटक नाही, दिवा नाही,
खांबावर एक लाकडी फुली,
तिच्यावर रंग उडालेले तीन शब्द:
थांबा. बघा. ऐका.
अकरा वर्षं ती फुली मी वरून, जाता जाता पाहिली,
त्या दिवशी पहिल्यांदा खाली उभं राहून वाचली.
थांबणं आमच्या हातात नव्हतं.
बघणं एवारिस्तोच्या वाट्याला गेलं.
मला ऐकणं आलं.

पंधरा दिवसांची रजा, झोपेच्या गोळ्या, एक फॉर्म.
त्याची बायको देल्फिना सांगते,
हल्ली जेवताना तो तिला समोर बसू देत नाही,
शेजारी बस म्हणतो.
माझ्याशी तो एकदाच बोलला, शेडमध्ये, बुटाची नाडी बांधता बांधता:
"तिनं बघितलं रे माझ्याकडे.
घाबरून नाही.
दारावर कुणी आलं की बघतात ना, तसं."

त्याच्याकडे एक चेहरा आहे.
माझ्याकडे एकही नाही, म्हणून सगळे आहेत.
बेकरीतली ती चकणी पोरगी,
बँकेच्या रांगेतली बाई, जी हिशेब पुटपुटते,
माझी धाकटी बहीण रोसालिया;
रोज रात्री कुणाला तरी मी
त्या पांढऱ्या गाडीत बसवतो
आणि मान वर करायला उशीर करतो.
शेवटी विचारलंच त्याला, कशी होती? केस? वय?
तो बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला.
म्हणाला, "देता आलं असतं
तर कधीच दिलं असतं तुला."

आता त्या वळणाच्या दोन किलोमीटर आधीपासून
तो भोंगा दाबून धरतो.
गावातून तक्रारी गेल्यात, गाई दूध चोरतात म्हणे.
साहेबानं बोलावून समज दिली.
तो हो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवशी
आणखी अलीकडून वाजवला.

वळण मागे पडलं की तो न बघता हात पुढे करतो.
मी ओततो,
नजर समोर, रुळांवर.
अर्धं पाणी तुंब्याबाहेर जातं, पाला वर येतो.
तो काही बोलत नाही.
पितो.